कॉलेजशी सोयरीक

गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी, त्यामुळे महाळुंग्यात त्या एका दिवशी माणसाचं बोलणं माणसाला नीट ऐकू येतं. एरवी यशवंतरावांच्या बंगल्यात सगळे ओरडूनच बोलतात, कारण कुंपणाला लागूनच त्यांच्या थोरल्या मुलाची, रणजीतची प्रेस शॉप, आणि पत्रा दाबणारी ती यंत्रं सकाळपासून धाड धाड चालू. म्हणून या घरातले मोठे निर्णय गुरुवारी होतात. धाकट्या रोहिदासनं वेगळं व्हायचं गुरुवारी ठरलं होतं आणि वेगळं न व्हायचंही पुढच्याच गुरुवारी ठरलं. आज तनुजाच्या कॉलेजची पाळी होती.

रणजीतची ही एकुलती एक पोर बारावीला नव्वदच्या वर गेली, सीईटीतही नाव काढलं, पण त्याआधीच, बारावीची परीक्षा संपल्या संपल्या, सगळ्यांसमोर शांतपणे म्हणाली होती की मला इंजिनिअरिंगला जायचं नाही. घाटापलीकडे डोंगरात एक लहानसं निवासी कॉलेज आहे, तिथं तिनं परस्पर मुलाखत दिली होती आणि तिची निवडही झाली होती. लिबरल आर्ट्स म्हणे. अर्थशास्त्र, जीवशास्त्र, तत्त्वज्ञान, नाटक, जे हवं ते एकत्र शिकायचं. अख्ख्या कॉलेजात मिळून तीनशे पोरं. आपल्या गावच्या शाळेत याहून जास्त असतील.

"दादा, नव्वद टक्के पाडून आर्ट्स?" निकाल लागला तसा रोहिदास कळवळून म्हणाला होता. "लोकांना वाटेल, गणितात नापास झाली. मेकॅनिकल करू दे तिला, उद्या आपल्या शेडला घरचा इंजिनिअर मिळेल."

रणजीतनं तेव्हा ना हो म्हटलं ना नाही. आता सोमवारपर्यंत कॉलेजला कळवायचं होतं, आणि गेले दोन महिने तो सगळ्यांना एकच उत्तर देत होता. "आधी नीट चौकशी करू." ऐकायला मोठं समंजस उत्तर. पण खरं काय ते त्याचं त्यालाच ठाऊक होतं. पोरीनं जाऊ नये, असं त्याला वाटत होतं. आकुर्डीच्या कॉलेजात जावं, संध्याकाळी घरी यावं, आणि रात्री जेवताना समोर बसून मोबाइलमध्ये डोकं घालावं, एवढंच त्याला हवं होतं. हे तोंडानं बोलायची त्याला लाज वाटायची. मग चौकशीत काहीतरी खोट निघावी म्हणून तो मनातल्या मनात देव पाण्यात घालून बसला होता.

एप्रिलमध्ये कॉलेज बघायला गेले तेव्हा विजयश्री, त्याची बायको, अगदी भारावून गेली होती. हिरवळ काय, ग्रंथालय काय, गोड बोलणारी पोरं काय. रणजीतनं मात्र बघितलं की त्या पोरांच्या टी-शर्टच्या घड्यासुद्धा मोडलेल्या नव्हत्या.

"विजू, हे ऑडिट होतं," तो परतताना गाडीत म्हणाला. "आपल्याकडं कंपनीचे साहेब ऑडिटला येतात तेव्हा मी काय करतो? जमिनीवर पिवळे पट्टे रंगवतो, तेलाची पिंपं ताडपत्रीखाली ढकलतो, पोरांना कपाटातले नवे बूट घालायला देतो. बूट चावतात म्हणून दिवसभर लंगडत असतात बिचारी. हे तसंच होतं."

"अहो, सगळं जग काय तुमची शेड आहे का?" विजयश्री म्हणाली आणि खिडकीकडं तोंड करून बसली.

पण छबूआत्याला हे ऑडिटचं बोलणं फार पटलं. छबूबाई म्हणजे यशवंतरावांची थोरली बहीण. या भावकीतल्या पोरी जिथं जिथं दिल्या, तिथलं घर आधी आत्यानं बघितलेलं. बघण्याची तिची रीत ठरलेली होती. बैठकीला, नारळाला, मानपानाला ती कधी गेली नाही. ती आगाऊ जायची, न सांगता, एकटी. कुणाचा तरी पत्ता विचारायच्या निमित्तानं दारात उभी राहायची, पाणी मागायची आणि बोलत बोलत थेट स्वयंपाकघरात शिरायची. रणजीतच्या बहिणीचं, कुसुमताईचं, असंच एक मोठ्या बागाइतदाराकडचं जमलेलं लग्न आत्यानं सुपारी फुटायच्या आधी मोडलं होतं. त्या घरातली थोरली सून उभ्यानं जेवत होती, एवढं एकच कारण दिलं. यशवंतराव बहिणीपुढं एक अक्षर बोलले नाहीत.

"सासूला काय इचारायचं?" आत्या म्हणाली. "सासू म्हननार, आमी सुनंला लेकीवानी ठेवतो. सुनंला इचारायचं. आन तेबी सासू देवळात गेल्यावर. तुज्या कॉलेजात नांदनारी पोरं आन हिकडं. त्यातली एक तरी पळून आलेली आन."

आता कॉलेजातून पळून आलेली पोर कुठं शोधायची? पण विजयश्रीनं शोधली. पिंपरीत ती जिच्याकडं ब्लाउज शिवायला टाकायची, तिची भाची मोनिका त्याच कॉलेजात तिसऱ्या वर्षाला होती आणि पहिल्या वर्षी दोनदा बॅग भरून घरी आली होती. दुसरा मुलगा अजिंक्य. त्याचा नंबर कॉलेजनंच दिला होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत दोघंही घरीच होते. त्यांना जेवायला बोलावलं, मटण भाकरीचा बेत ठरला, आणि तनुजा सकाळपासून अंगणात येरझाऱ्या घालत होती. "छबूआजी त्यांना काय वाट्टेल ते विचारणार," ती आईला म्हणाली, "आणि मग मी तिथं कुठल्या तोंडानं जाऊ?"

अजिंक्य आला तो इस्त्रीचा शर्ट घालून, निगडी प्राधिकरणातून, स्वतःच्या स्कूटरवर. चांगला उमदा पोरगा. यशवंतराव धोतर-टोपीत सोफ्यावर बसले होते. त्यांनी त्याला समोर बसवलं.

"घरी शेती किती?"

"शेती नाही आजोबा. फ्लॅट आहे."

"बरं," यशवंतराव म्हणाले आणि त्यांनी रोहिदासकडं बघितलं. त्या बघण्यात सगळं आलं.

तनुजानं कपाळावर हात मारला. "आबा, तो काय स्थळ म्हणून आलाय का?"

"मला कुठं दुसरं इचारता येतंय? जे येतंय ते इचारतो," यशवंतराव म्हणाले. "बरं बाळ, तिथं शिकवत्यात काय?"

अजिंक्यला या प्रश्नाची सवय होती. तो सरसावून बसला. "आजोबा, तिथं एक ठरावीक गोष्ट शिकवत नाहीत. विचार कसा करायचा ते शिकवतात. प्रश्न विचारायला शिकवतात."

"प्रश्न तर ही आत्ताच लई इचारती. जरा कमी करायचं काय शिकवत न्हाईत का?"

सगळे हसले. अजिंक्यही हसला, आणि तिथून त्याची गाडी जी सुटली ती थांबेना. प्राध्यापक कसे कॉलेजातच राहतात, रात्री त्यांच्या घरी चहाला कसं जाता येतं, नाटकात केमिस्ट्रीच्या सरांनी कसं काम केलं, डोंगरावर कसे तारे दिसतात. विजयश्री पदर सावरून ऐकत होती. रोहिदासला वेगळीच शंका.

"एका वर्गात पोरं किती?"

"बारा-पंधरा, काका."

"आणि मास्तर एक? भावा, एवढं लक्ष तर मी मशिनवर पण ठेवत नाही." रोहिदास जरा विचारात पडला. "पण मग नोकऱ्यांचं काय? कंपन्या येतात का तिथं?"

"काही येतात. बरेच जण पुढं शिकायला जातात. काही स्वतःचं काहीतरी करतात."

"स्वतःचं काहीतरी म्हणजे घरी बसतात," रोहिदास म्हणाला. त्याच्या मागं भिंतीवर त्याच्या स्वतःच्याच तीन बंद पडलेल्या धंद्यांची कॅलेंडरं होती, म्हणून कुणी पुढं काही बोललं नाही.

रणजीत खुर्ची ओढून पुढं सरकला. आता त्यानं विचारलं, "अजिंक्य, वाईट काय आहे तिथं?"

"वायफाय. कधी कधी फार स्लो असतं."

रणजीत मनात हसला. ऑडिटरला काहीतरी सापडावं म्हणून तोही दरवर्षी आग विझवायच्या वाळूची एक बादली मुद्दाम रिकामी ठेवतो. वायफाय म्हणजे तीच बादली. पोरगा खोटं बोलत नव्हता, पण कॉलेजच्या बाजूनं आला होता. यातून काही निघणार नव्हतं. आता सगळी भिस्त मोनिकावर.

ती उशिरा आली. पिंपरीहून बसनं आली होती आणि बस भोसरीच्या पुढं ट्रॅफिकमध्ये अडकली होती. सावळी, किडकिडीत, पायात साध्या चपला. हॉलमध्ये ती टेकते न टेकते तोच छबूआत्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. "ये गं, भाकऱ्या थापायला ये. येत्यात का?"

"येत नाहीत, आजी."

"मंग बघायला ये."

विजयश्री मागोमाग निघाली, तर आत्यानं तिला दारातच अडवलं. "तू पोरीची आय. तुज्यासमोर ती खरं बोलायची न्हाई. भायेर बस."

रणजीतनं बेताबेतानं चप्पल घातली आणि हात धुवायचं निमित्त करून घराच्या मागं गेला. मागच्या नळाच्या बरोब्बर वर स्वयंपाकघराची खिडकी होती. तिथं तो उभा राहिला. चांगला पन्नाशीला आलेला माणूस, पदरी पंचवीस कामगार, आणि स्वतःच्याच घरात चोरासारखा कान लावून उभा. त्याला त्याचं काही वाटलं नाही.

"दोनदा पळून आलीस म्हनं," आतून आत्याचा आवाज आला.

मोनिका हसली. "हो. एकदा दिवाळीच्या आधी आणि एकदा संक्रांतीनंतर."

"मारहान?"

"नाही हो आजी. कॉलेजात कोण मारतंय?"

"मंग का आलीस?"

भाकरी थापल्याचा आवाज येत राहिला. मोनिका सांगायला लागली. "वर्गात आम्ही तेरा जण. गोल टेबल, मॅडमपण त्याच टेबलाला. मागचा बाकच नाही. आमच्या शाळेत वर्गात साठ पोरी होत्या, मी बारा वर्षं मागं बसून काढली. मी मुकी आहे का बोलकी, कुणाला पत्ता नव्हता. तिथं पहिल्याच आठवड्यात मॅडम म्हणाल्या, मोनिका, तुला काय वाटतं? मला काहीच वाटत नव्हतं, आजी. तोवर कुणी विचारलंच नव्हतं."

"अगं बया."

"इंग्रजी धड यायचं नाही. बाथरूममध्ये जाऊन रडले तर बाहेर तिघी उभ्या, काय झालं म्हणून. जेवायला गेले नाही तर मेसचे दादा खोलीच्या दारात. सुखानं रडूपण देत नाहीत तिथं. म्हणून घरी आले आणि पोटभर रडून घेतलं."

रणजीतनं नळ हळूच बंद केला. काम होत होतं.

"मंग परत का गेलीस?"

"पहिल्यांदा आईनं पाठवलं. दुसऱ्यांदा माझी मीच गेले. साठ जणींत एक आली नाही तर कळत नाही. तेरा जणांत खुर्ची रिकामी दिसते. ती माझी खुर्ची मला घरी बसून दिसायला लागली."

तवा सरकवल्याचा आवाज आला. मग तिनं तो प्रश्न विचारला जो ती प्रत्येक घरातल्या सुनेला विचारायची, आणि रणजीतला तो लहानपणापासून पाठ होता. "आजारी पडली व्हतीस का कधी? उशाशी कोन बसलं?"

"कावीळ झाली होती," मोनिका म्हणाली. "माझी रूममेट बसली. नागालँडची आहे. तिला मराठी येत नाही, मला तिची भाषा येत नाही, दोघींचं इंग्रजी सारखंच मोडकं. रात्रभर बसायची. मग मॅडमनी मला त्यांच्या घरी नेलं, बरी होईपर्यंत ठेवून घेतलं. आईला त्यांनी फोन केला तेव्हा आई मला न्यायला निघाली होती. त्या म्हणाल्या, तुम्हीपण इथंच या राहायला. आई चार दिवस राहिली मॅडमकडं."

मग आत्या म्हणाली, "आन भांडनं?"

"ती तर रोज. कुणाचं जुळलं, कुणाचं तुटलं, जेवणाच्या आधी सगळ्या कॉलेजला माहीत. दोघं भांडले की पोरांचे दोन गट पडतात. पण पळणार कुठं? दुसऱ्या दिवशी त्याच माणसाच्या शेजारी टेबलाला बसायचं असतं. मग मिटवावंच लागतं."

"म्हंजे गावच हाय की गं," छबूआत्या म्हणाली, आणि तिच्या आवाजातला आनंद बाहेर रणजीतलाही कळला. हातातला डाव चालला होता. त्याला आणखी थांबवेना. तो खिडकीशी गेला आणि गजातून त्यानं विचारलं, "मोनिका, सुट्टीत घरी आलीस की घर परकं वाटतं का गं?"

मोनिका दचकली. आत्या मात्र सावकाश वळली. "रनज्या, मोरीपाशी काय करतुयास?"

"हात धुतोय."

"मगापासनं? कातडं निघंल."

मोनिकानं हसू दाबलं. मग ती खिडकीकडं बघून म्हणाली, "वाटतं, काका. पहिल्या सुट्टीत तर फारच वाटलं. आईशी सारखी भांडायचे, मावशीच्या बोलण्यात चुका काढायचे. माझीच मला लाज वाटते आता. पुढं कमी झालं. पण खोटं कशाला सांगू? थोडं अजून वाटतं."

हेच. अगदी हेच रणजीतला हवं होतं. दोन महिने ज्याची वाट बघितली ती खोट पोरीनं स्वतःच्या तोंडानं कबूल केली होती. पण मोठं यश मिळाल्यासारखं त्याला काही वाटेना. ती पोरगी इतकं सरळ बोलली होती की तिच्या तोंडचा शब्द हत्यार म्हणून वापरायची त्याला हिंमत होईना.

"ते तर लगीन झाल्यावर माहेराचंबी व्हतं," आत्या म्हणाली. "चल, पानं घ्या."

पंगत बसली, आणि बाथरूममधलं रडणं, भांडणं, आत्याचं 'गावच हाय', स्वयंपाकघरातलं सगळं बोलणं ताटावर पुन्हा एकदा झालं. रस्सा झणझणीत होता. अजिंक्यच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं तरी तो भाकरी मागून घेत होता, त्यामुळे यशवंतरावांनी त्याला शेती नसल्याचं माफ केलं. रणजीत पंगतीला बसला नाही, वाढतच राहिला. बाकी सगळ्यांची पोटं भरल्यावर छबूआत्या पदराला हात पुसत हॉलमध्ये आली. बैठकीत ती बसली नाही, उभ्यानंच बोलली. तिची रीतच तशी होती.

"घर चांगलं हाय. द्या पोरगी."

एवढंच. यशवंतरावांनी मान डोलावली, कारण या बाबतीत बहिणीच्या शब्दापुढं ते कधी गेले नव्हते. "तुला पटलं तर मला पटलं. पर ते आर्ट?"

"आर्ट म्हंजे काय ते मला ठावं न्हाई. पर आजारी पोरीच्या उशाशी परकी पोर रातभर बसती, आन मास्तरीन तिच्या आयलाबी ठेवून घेती. हे शिकवत असतील तर पुष्कळ झालं."

रोहिदास भाकरीच्या गुंगीत होता, पण त्यानंही तोंड उघडलं. "भांडण मिटवावंच लागतं म्हणतीय ही पोरगी. दादा, आपण दोघं त्या कॉलेजात गेलो असतो तर मागची दिवाळी वाया गेली नसती."

"तुला पहिल्याच आठवड्यात हाकललं असतं," रणजीत म्हणाला. पण त्यालाही हसू आलं.

विजयश्रीनं डोळ्याला पदर लावला. सगळं कसं एका घासात ठरलं होतं. मग सगळ्यांनी तनुजाकडं बघितलं. जिच्यासाठी एवढा खटाटोप केला, तिनं आता आनंदानं उड्या माराव्यात, निदान आत्याच्या पाया पडावं, ही सगळ्यांची अपेक्षा.

तनुजा उभी राहिली. तिचं तोंड उतरलं होतं. "मला नाही जायचं," ती म्हणाली आणि जिन्यानं थेट गच्चीवर गेली.

"आता हिला काय झालं?" यशवंतराव म्हणाले. अजिंक्यनं मोनिकाकडं बघितलं, मोनिकानं स्वतःच्या पायांकडं. विजयश्री उठायला लागली, तर रणजीत म्हणाला, "थांब. मी जातो."

जिना चढताना त्याच्या मनात काय होतं ते सांगायला लाज वाटावी असं होतं. त्याला आनंद झाला होता. काही न करता, कुणाच्या नजरेत वाईट न होता, पोरगी घरी राहत होती. वर जायचं, डोक्यावरनं हात फिरवायचा, म्हणायचं, असू दे बाळा, तुझ्या मनात नाही तर राहिलं. बस. आकुर्डी. संध्याकाळची बस. रात्रीचं जेवण.

तनुजा कठड्याला टेकून उभी होती. खाली शेडचे निळे पत्रे, पलीकडं दुसऱ्या कंपन्यांची गोदामं, रस्त्याकडेला रांगेनं उभे ट्रेलर आणि त्यांच्या सावलीत स्वयंपाक करत बसलेले ड्रायव्हर. रणजीत शेजारी जाऊन उभा राहिला.

"काय झालं?"

"छबूआजी काय म्हणाली ऐकलंत ना? गावच आहे म्हणे ते." "पप्पा, मी चौकात पाणीपुरी खाल्ली तर मी घरी पोचायच्या आधी आबांना कळलेलं असतं. क्लासला वेगळ्या रस्त्यानं गेले तर तुमचा कामगार तुम्हाला फोन करतो. मला कुणी ओळखत नाही अशा ठिकाणी जायचं होतं. मला वाटलं, तिथं मोकळं असेल. तर तिथं मोनिका बाथरूममध्ये रडली तरी अख्ख्या हॉस्टेलला माहीत. मग इथंच काय वाईट आहे? इंजिनिअरिंगच्या वर्गात निदान ऐंशी जण तरी असतात. मागं बसता येतं."

आता फक्त 'बरोबर आहे' म्हणायचं होतं. दोन शब्द. ते रणजीतच्या तोंडात आलेसुद्धा. त्यानं पोरीकडं बघितलं. शाळेत असताना ती प्रश्न विचारून विचारून बाईंना हैराण करायची आणि बाई त्याच्याकडं तक्रार करायच्या. तो वरवर रागवायचा आणि घरी येताना तिला आइस्क्रीम घेऊन द्यायचा. तीच पोरगी मागं बसता येतं म्हणून खूश व्हायला निघाली होती. आणि तो ते होऊ देणार होता. त्याला स्वतःचा राग आला.

"तनू, हे काही गाव नाही," तो म्हणाला. "आत्या चुकली."

"छबूआजी?" तनुजानं डोळे मोठे केले. या घरात हे वाक्य कुणी बोललेलं तिनं ऐकलं नव्हतं.

"चुकली. इथं तुला सगळे ओळखतात, पण कोण म्हणून? यशवंतरावांची नात. रणजीतशेठची पोरगी. चौकातला पाणीपुरीवाला तुझी खबर देतो तो तुझ्यासाठी देत नाही, माझ्यासाठी देतो. मी इथं जन्माला आलो आणि अजून आबांचा थोरलाच आहे. मला काय वाटतं, हे मला उभ्या आयुष्यात कुणी टेबलाला बसवून विचारलं नाही. शेड घालायची ठरली तेव्हाही नाही." तो थांबला. एवढं सलग तो कामगारांनाही कधी बोलत नसे. "तिथं त्या पोरीला जे शोधत आले ते तिच्यासाठी आले. तिचा बाप कोण हे त्यांना माहीतही नसेल. दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत, बाळा. पळून जायचं तर मोठ्या गर्दीत जा, आकुर्डी चांगली आहे. पण तू पळणारी नाहीस. निदान माझ्या माहितीतली तू तरी नाहीस."

खाली कुठंतरी एका ड्रायव्हरनं स्टोव्हला पंप मारला. तनुजानं तिकडं बघतच विचारलं.

"आणि मी परत आल्यावर मला हे घर परकं वाटलं तर?"

"वाटेल. मोनिका म्हणाली ना."

"मी तुमच्या बोलण्यात चुका काढल्या तर?"

"आत्ता काढत नाहीस का?"

ती हसली, मग एकदम गंभीर झाली आणि सरळ त्याच्याकडं वळली. "पप्पा, खरं सांगा. चौकशी, ऑडिट, ते सगळं सोडा. मी जावं असं तुम्हाला वाटतं का?"

रणजीतनं गच्चीच्या फरशीकडं बघितलं, शेडच्या पत्र्याकडं बघितलं. सुटायला कुठं वाट नव्हती.

"नाही," तो म्हणाला. "एक दिवसही वाटलं नाही. तू नसलीस की या घरात मी कुणाशी बोलू?" त्यानं कठड्यावरची धूळ तळहातानं पुसली. "तरी जा."

तनुजानं त्याच्या दंडाला डोकं टेकवलं. मग नाक ओढत, ओढणीनं डोळे पुसत धाडधाड जिना उतरून गेली. रणजीत तिथंच राहिला. त्याच्याच्यानं खाली जाववेना.

गुरुवार होता, यंत्रं बंद होती, त्यामुळे हॉलमधला शब्द न् शब्द वर ऐकू येत होता.

"मी जाते," तनुजा सांगत होती. "पप्पांना मी गेलेली नको आहे. त्यांनी खरं सांगितलं. आणि तरी जा म्हणाले, म्हणून जाते."

मग जिन्याच्या तोंडाशी येऊन छबूआत्यानं हाक मारली.

"रनज्या, खाली ये. समद्यांची जेवनं झाली, तू तेवढा ऱ्हायलायस. म्या ताट वाढलंय."